दगडावरील आकडा आणि माणसाचे नाव

आपल्या सातारा-रत्नागिरीकडील कित्येक गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक लहानशी शिला बसवलेली आढळते. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, पैकी इतके मृत्यू पावले, एवढाच तिच्यावरील मजकूर. साताऱ्याजवळचे अपशिंगे तर लष्करी गाव म्हणूनच ओळखले जाते. तेथील ४६ जण त्या युद्धात कामी आले. आकडा आहे, पण ती माणसे कोण, हे अशा बहुतेक शिला सांगत नाहीत.

हे केवळ खेड्यातच घडले असे नाही. १९१५ च्या डिसेंबरापासून १९१६ च्या एप्रिलअखेर कूट-अल-अमाऱ्याच्या वेढ्यात १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी अडकून पडल्या होत्या. त्या मोहिमेतील मृतांसाठी १९२९ साली बसऱ्यास स्मारक उभारले गेले. त्यावर अधिकाऱ्यांची व गोऱ्या शिपायांची नावे कोरली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा दिला. मृतांच्या स्मरणातही पंक्तिप्रपंच झाला! युद्धसमाधी आयोगाने ही विषमता २०२१ साली कबूल करून क्षमा मागितली.

परंतु दगडावर नसलेली नावे कागदावर पुष्कळशी आहेत. आयोगाच्या नोंदी आता संगणकावर कोणासही पाहता येतात. पलटण, शिपायाचा क्रमांक, मृत्यूची तारीख आणि बऱ्याच ठिकाणी बापाचे नाव, गाव, तालुका व जिल्हा, इतके त्यांत सापडते.

मात्र शोधणाऱ्याने सावध असावे. इंग्रजी अक्षरांत ल आणि ळ, द आणि ड एकच होतात. तेथे ‘काळे’ की ‘काले’ हे गावच ठरवील. आडनाव तर पुष्कळदा नसतेच. खेड पुणे जिल्ह्यात आहे, तसे रत्नागिरीतही आहे. मालवणचा शिपाई सिंधुदुर्गाखाली शोधू नये. तो जिल्हा १९८१ साली झाला, जुन्या कागदांत मालवण रत्नागिरीतच आहे. पलटणींचे आकडेही १९२२ च्या सुमारास बदलले, म्हणून जुना आकडाच धरावा.

यापुढचा पुरावा घराघरांत आहे. युद्धाचे चांदीचे पदक अजून आटवले गेले नसेल, तर त्याची कड पाहावी. तीवर क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण उमटवलेली असते. जुनी पेन्शनची कागदपत्रे असतात. देव्हाऱ्यातील एखादा टाक कोणाचा, हे घरातील म्हातारी माणसेच सांगू शकतात. कागद आणि सांगी यांचा मेळ बसला, तरच नाव निश्चित मानावे. शिलेवरील आकडा भरावा म्हणून ओढूनताणून नावे जमवणे हा इतिहास नव्हे, आणि मृतांचा सन्मानही नव्हे.

हे काम मोठ्या संस्थांवर सोपवून चालणार नाही. कागद बसऱ्याची तारीख देईल. पण मागे राहिलेल्या बायकोने पोरे कशी वाढवली, जमीन कोणाकडे गेली, हे तो सांगणार नाही. ज्यांनी ती बाई पाहिली, ते नातवंड आज स्वतः ऐंशीच्या घरात आहेत. तेव्हा आपण सुटीत गावी जाल, तेव्हा ती शिला प्रथम वाचा आणि त्याच दिवशी वही घेऊन त्यांच्या ओसरीवर बसा. एक नाव जरी नक्की झाले, तरी आकड्यातून एक माणूस आपल्या घरी परत आला असे होईल.