पॅलेस्टिनी सशस्त्र संघटना

पॅलेस्टाइनच्या भूमीवर अरब पॅलेस्टिनी जनतेचे राज्य स्थापन करण्याच्या उद्दिष्टाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आलेल्या लढाऊ संघटना. यांतील बहुतेक संघटना केवळ लष्करी स्वरूपाच्या नसून त्यांना राजकीय, सामाजिक व आर्थिक अशीही अंगे आहेत. त्यांची विचारसरणी, आश्रयदाती राष्ट्रे आणि कार्यपद्धती परस्परांहून भिन्न असल्यामुळे ऐक्य आणि फूट या दोन्ही प्रवृत्ती त्यांच्या इतिहासात सतत आढळतात.

पार्श्वभूमी : संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २९ नोव्हेंबर १९४७ रोजी पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव संमत केला. १४ मे १९४८ रोजी इझ्राएल राष्ट्राची घोषणा झाली आणि त्या काळातील युद्धात सु. सात लाख अरब लोक निर्वासित झाले. पश्चिम तीर जॉर्डनकडे व गाझा पट्टी ईजिप्तच्या प्रशासनाखाली गेली. निर्वासितांच्या छावण्या लेबानन, सिरिया, जॉर्डन व गाझा येथे पसरल्या. पुढील सर्व संघटनांना मनुष्यबळ प्रामुख्याने या छावण्यांतूनच मिळाले. एकसंध भूमी, स्वतःचे शासन व करवसुलीचा अधिकार यांपैकी काहीही हाती नसलेल्या समाजाने चळवळ कशी उभारावी, हा या संघटनांपुढील मूळ प्रश्न होता. त्यांच्या रचनेतील बरीच वैशिष्ट्ये या प्रश्नातूनच निर्माण झाली.

फतह : १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कुवेतमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या यासर अराफत, खलील अल्-वझीर, सलाह खलफ इ. तरुणांनी ही संघटना स्थापन केली. तिच्या पूर्ण अरबी नावाच्या आद्याक्षरांपासून ‘हत्फ’ (मृत्यू) असा शब्द होतो. तो उलटा करून ‘फतह’ (विजय) हे नाव घेण्यात आले. अरब ऐक्य झाल्यावर पॅलेस्टाइन मुक्त होईल, या तत्कालीन मताऐवजी पॅलेस्टिनींनी स्वतःच लढा सुरू करावा, अशी फतहची भूमिका होती. कोणत्याही विशिष्ट सामाजिक विचारसरणीचा आग्रह न धरल्यामुळे तिच्यात धार्मिक, डावे व राष्ट्रवादी असे सर्व प्रकारचे लोक सामावू शकले. ‘अल्-असिफा’ (वादळ) या नावाने तिने आपल्या पहिल्या लष्करी कारवाईची घोषणा १९६५ च्या प्रारंभी केली. सर्वसाधारण परिषद, क्रांतिकारी परिषद व मध्यवर्ती समिती अशी तिची तीन स्तरांची रचना आहे.

पॅलेस्टाइन मुक्ती संघटना : जानेवारी १९६४ मध्ये कैरो येथे भरलेल्या अरब शिखर परिषदेच्या निर्णयानुसार या संघटनेची उभारणी झाली आणि मे १९६४ मध्ये जेरूसलेम येथे पॅलेस्टाइन राष्ट्रीय परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अहमद शुकैरी हे तिचे पहिले अध्यक्ष होते. प्रारंभी ती अरब शासनांच्या, विशेषतः ईजिप्तच्या, प्रभावाखाली होती. तिच्या ‘पॅलेस्टाइन मुक्ती सेने’च्या तुकड्याही अरब राष्ट्रांच्या सैन्यांशी निगडित होत्या. जून १९६७ च्या युद्धात अरब सैन्यांचा पराभव होऊन पश्चिम तीर व गाझा इझ्राएलच्या ताब्यात गेले, तेव्हा या व्यवस्थेवरील विश्वास ढासळला. २१ मार्च १९६८ रोजी जॉर्डनमधील करामा येथे इझ्राएली सैन्याला फिदाईन व जॉर्डनचे सैन्य यांच्याकडून कडवा प्रतिकार झाला. या लढाईनंतर फतहकडे स्वयंसेवकांची रीघ लागली आणि फेब्रुवारी १९६९ मध्ये अराफत मुक्ती संघटनेचे अध्यक्ष झाले.

मुक्ती संघटना हा एक पक्ष नसून अनेक घटक संघटनांचे छत्र आहे. राष्ट्रीय परिषद ही तिची संसद, कार्यकारी समिती हे तिचे मंत्रिमंडळ, तर १९७३ मध्ये निर्माण झालेली मध्यवर्ती परिषद ही दोहोंमधील दुवा होय. राष्ट्रीय परिषदेत घटक संघटनांना ठरलेल्या हिश्शाने जागा मिळतात. त्यांखेरीज कामगार, विद्यार्थी, स्त्रिया, लेखक इत्यादींच्या संघांचे प्रतिनिधी व अपक्ष सदस्यही असतात. राष्ट्रीय निधी, रेड क्रेसेंट, संशोधन केंद्र, वृत्तसंस्था व निर्वासितांना रोजगार देणारे कारखाने यांमुळे तिला राज्यसंस्थेसारखे स्वरूप आले. जागांच्या वाटपामुळे लहान गट छत्राखाली टिकून राहिले. मात्र शस्त्रे, पैसा व शिस्त प्रत्येक गटाच्या स्वतःच्या हाती राहिल्याने सामूहिक निर्णय सर्वांवर बंधनकारक करणे मध्यवर्ती नेतृत्वाला क्वचितच शक्य झाले.

डाव्या व राष्ट्रपुरस्कृत संघटना : जॉर्ज हबाश या डॉक्टरने डिसेंबर १९६७ मध्ये ‘पॅलेस्टाइन मुक्तीची लोकआघाडी’ स्थापिली. पुढे तिने मार्क्स-लेनिनवादाचा स्वीकार केला. तिच्यातून १९६८ मध्ये अहमद जिब्रीलचा ‘जनरल कमांड’ हा गट आणि १९६९ मध्ये नायेफ हवातमेची लोकशाही आघाडी, असे दोन गट बाहेर पडले. सिरियाच्या बाथ पक्षाने ‘साइका’, तर इराकच्या बाथ पक्षाने ‘अरब मुक्ती आघाडी’ उभी केली. आश्रय देणाऱ्या राष्ट्राचे धोरण बदलले, की त्यावर अवलंबून असलेल्या गटाचेही धोरण बदलत असे.

आश्रयस्थानांचा प्रश्न : लोकआघाडीने सप्टेंबर १९७० मध्ये प्रवासी विमानांचे अपहरण करून ती जॉर्डनच्या वाळवंटात उतरविली. फिदाईनांच्या सत्तेमुळे आधीच धास्तावलेल्या राजे हुसेन यांनी सैन्य वापरून त्यांचा पाडाव केला आणि जुलै १९७१ पर्यंत त्यांना देशाबाहेर घालविले. या संघर्षावरून नाव घेतलेल्या ‘काळा सप्टेंबर’ या गुप्त गटाने नोव्हेंबर १९७१ मध्ये जॉर्डनचे पंतप्रधान वस्फी अल्-तल यांची हत्या केली. सप्टेंबर १९७२ मध्ये म्यूनिक ऑलिंपिकच्या वेळी या गटाने ओलीस धरलेले ११ इझ्राएली खेळाडू व प्रशिक्षक मृत्युमुखी पडले. अशा कृत्यांनी पॅलेस्टिनी प्रश्नाकडे जगाचे लक्ष वेधले गेले, तथापि त्यामुळे चळवळीची नैतिक हानीही झाली.

यानंतर चळवळीचे केंद्र लेबाननमध्ये गेले. छावण्यांतील सशस्त्र अस्तित्वाला १९६९ च्या कैरो कराराने मान्यता मिळाली होती. १९७५ मध्ये तेथे सुरू झालेल्या यादवी युद्धात संघटना ओढल्या गेल्या. जून १९८२ मध्ये इझ्राएलने लेबाननवर आक्रमण केल्यानंतर मुक्ती संघटनेला बेरूत सोडून ट्यूनिसला जावे लागले. तिचे सैनिक निघून गेल्यावर सप्टेंबर १९८२ मध्ये साब्रा व शतीला येथे लेबानी ख्रिस्ती निमलष्करी दलाने निर्वासितांची कत्तल केली. १९८३ मध्ये सिरियाच्या पाठिंब्याने फतहमध्येच बंड झाले.

राजनयाकडे वाटचाल : १९७४ च्या राबात शिखर परिषदेने मुक्ती संघटनेला पॅलेस्टिनी जनतेची एकमेव वैध प्रतिनिधी मानले आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांत तिला निरीक्षकाचा दर्जा मिळाला. भारताने तिला मान्यता दिली; १९७५ मध्ये नवी दिल्लीत तिचे कार्यालय उघडले व १९८० मध्ये पूर्ण राजनैतिक दर्जा देण्यात आला. मुक्त झालेल्या कोणत्याही भागावर राष्ट्रीय सत्ता स्थापन करण्याच्या १९७४ मधील कार्यक्रमाला विरोध करून लोकआघाडी व इतर काही गटांनी ‘नकार आघाडी’ बनविली. फतहमधून फुटलेल्या अबू निदालच्या गटाने तर पॅलेस्टिनी नेत्यांच्याही हत्या केल्या. नोव्हेंबर १९८८ मध्ये अल्जिअर्स येथे स्वतंत्र राष्ट्राची घोषणा झाली आणि १३ सप्टेंबर १९९३ रोजी मुक्ती संघटना व इझ्राएल यांच्यात ऑस्लो करार झाला. त्यानुसार १९९४ मध्ये पॅलेस्टिनी प्राधिकरण अस्तित्वात आले.

इस्लामी संघटना : १९८० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी गाझात फतही शिकाकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इस्लामी जिहाद’ची स्थापना केली. डिसेंबर १९८७ मध्ये गाझा व पश्चिम तीरावर ‘इंतिफादा’ हा जनउठाव सुरू झाला, तेव्हा मुस्लिम बंधुसंघाच्या गाझातील शाखेतून शेख अहमद यासीन प्रभृतींनी ‘हमास’ स्थापन केली. मशिदी, दवाखाने, शाळा व साहाय्यनिधी यांचे जाळे तिच्याकडे आधीच तयार होते. सल्लागार मंडळ (शूरा) व राजकीय मंडळ या तिच्या प्रमुख संस्था होत. गाझा, पश्चिम तीर, परदेश व इझ्राएली तुरुंग या चार क्षेत्रांतून नेतृत्वाची निवड होते. ‘इझ्झ अद्-दीन अल्-कस्साम ब्रिगेड’ हे तिचे लष्करी अंग १९३५ मध्ये ब्रिटिशांशी लढताना मारल्या गेलेल्या धर्मोपदेशकाच्या नावाने ओळखले जाते. हमास व इस्लामी जिहाद या दोन्ही संघटना मुक्ती संघटनेच्या बाहेर राहिल्या आणि त्यांनी ऑस्लो करार नाकारला. १९९० नंतरच्या दशकात त्यांनी बसगाड्या व बाजारपेठा यांसारख्या नागरी ठिकाणी आत्मघातकी हल्ले केले. अमेरिका व यूरोपीय संघ यांनी त्यांची गणना दहशतवादी संघटनांत केली आहे.

सप्टेंबर २००० मध्ये दुसरा इंतिफादा सुरू झाल्यावर फतहशी निगडित ‘अल्-अक्सा हुतात्मा ब्रिगेड’ उदयास आली. तिचे गट स्थानिक असून त्यांवर मध्यवर्ती नियंत्रण शिथिल होते. इझ्राएलने २००४ मध्ये यासीन यांना ठार केले व त्याच वर्षी अराफत यांचे निधन झाले. जानेवारी २००६ च्या निवडणुकीत हमासने १३२ पैकी ७४ जागा जिंकल्या. जून २००७ मध्ये झालेल्या सशस्त्र संघर्षानंतर गाझात हमासची व पश्चिम तीरावर फतहप्रणीत प्राधिकरणाची, अशी सत्तेची विभागणी झाली. गाझाभोवती इझ्राएल व ईजिप्त यांनी नाकेबंदी केली.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमास व तिच्या सहकारी गटांनी दक्षिण इझ्राएलवर केलेल्या हल्ल्यात सु. १,२०० व्यक्ती ठार झाल्या व सु. २५० जणांना ओलीस नेण्यात आले. मृतांत नागरिकांची संख्या मोठी होती. त्यानंतरच्या इझ्राएली लष्करी मोहिमेत गाझामध्ये हजारो स्त्रिया व मुले यांसह कित्येक हजार लोक मरण पावले आणि बहुसंख्य रहिवासी बेघर झाले. हमासचे इस्माईल हानिया व याह्या सिनवार हे नेते २०२४ मध्ये मारले गेले.

मूल्यमापन : एखादा नेता मारला गेला किंवा आश्रयस्थान गमावले, म्हणून या संघटना नष्ट झालेल्या नाहीत. छावण्या, तुरुंग, सेवाभावी संस्था व परदेशस्थ समाज यांत विखुरलेली त्यांची रचना हे त्यांच्या चिवटपणाचे एक कारण होय. परंतु याच विखुरलेपणामुळे एक निर्णय, एक सेना व एक वाणी त्यांना साधता आली नाही. फतह व हमास यांच्यात २००७ नंतर समेटाचे अनेक करार झाले, शेवटी जुलै २०२४ मध्ये बीजिंग येथे चौदा गटांनी निवेदन केले. तरी शस्त्रे कोणाच्या आज्ञेत असावीत, हा मुख्य प्रश्न त्यांतून सुटला नाही. २००६ नंतर विधिमंडळाची निवडणूक न झाल्याने जनतेचा कौल अजमावण्याचा मार्गही खुंटला. शस्त्र उचलणे अथवा खाली ठेवणे यांपैकी कोणताही निर्णय झाला, तरी त्याची किंमत छावण्यांत व वसाहतींत राहणाऱ्या सामान्य माणसाला, इझ्राएली नागरिकांसह, द्यावी लागली. त्या निर्णयात मात्र त्याला क्वचितच स्थान मिळाले.