कामगारांची पिढी म्हातारी झाली, त्यांच्या 'त्या' लेकरांचं काय?

मागच्या आठवड्यात आकुर्डीला एका निवृत्त कामगार काकांकडे गेलो होतो. वय ७६. काकूंचे गुडघे गेलेत. मुलगा ४४ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. त्याची दाढी आजही काकाच करून देतात. चहा घेताना म्हणाले, "मरणाची भीती नाही वाटत हो. याच्याआधी मरायची वाटते."

हे एकट्या काकांचं दुखणं नाही. त्यामागे आपल्या शहराचा इतिहास आहे.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली. १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली. टेल्को, बजाज आले. सातारा, सांगली, मराठवाडा, कोकणातून तरुण पोरं आली आणि इथलीच झाली. गावाकडं असं लेकरू असलं तर चुलते, आत्या, भावकी मिळून सांभाळायची. इथं दोन खोल्या आणि आई-बाप दोघंच. शाळा निघाल्या, पुण्यातली कामायनी तर १९६४ पासूनची. पण शाळा कधीतरी संपते, माणूस उरतो. ती पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे आणि त्यांची ती 'मुलं' चाळिशी-पन्नाशीत.

कायदाही उशिराच जागा झाला. १८९० चा पालकत्वाचा कायदा फक्त अल्पवयीनांसाठी. म्हणजे मूल १८ वर्षांचं झालं की जन्मदाते आई-बापसुद्धा कायद्यानं पालक राहत नाहीत. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला, पण 'मनोरुग्ण' या व्याख्येतून त्यानं मतिमंदत्व वगळलं. मग अशा प्रौढ माणसाचा पालक कोण? याचं सरळ उत्तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं दिलं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चौघांसाठी तो आहे. आई-वडिलांच्या पश्चात काळजी आणि संरक्षण, हे त्याच्या उद्दिष्टांतच लिहिलंय.

या कायद्याप्रमाणे स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी अध्यक्ष, सोबत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. आई-वडील हयात असतानाच, आपल्या पसंतीच्या माणसाला पालक नेमा म्हणून तिथं अर्ज करू शकतात. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशोब द्यावा लागतो. गैरवागणूक केली तर त्याला काढताही येतं. "भाऊ सांभाळेलच" या भरवशापेक्षा हे पक्कं.

दुसरी गोष्ट पेन्शनची. ईपीएस-९५ मध्ये सभासदाचं कायमचं, पूर्णपणे अपंग मूल असेल तर त्याच्या पेन्शनला वयाची अट नाही. वडील गेल्यावर विधवा पेन्शनच्या २५ टक्के, आईही गेल्यावर ७५ टक्के. रक्कम थोडकी आहे, अनाथ पेन्शनची किमान मर्यादा २०१४ पासून महिना ७५० रुपये. पण कागद नसेल तर तेवढंही हातात पडत नाही.

काकांच्या कपाटात काय होतं? शाळेचा एक जुना दाखला, बस्स. समितीचं नावही त्यांनी ऐकलं नव्हतं. दोष त्यांना कसा देऊ? वीस वर्षं मी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या बातम्या करतोय, या समितीची एकही बातमी मी दिलेली नाही.

आणि कागद झाले तरी राहायचं कुठं, हा प्रश्न उरतोच. मुळशीतल्या कोळवणला साधना व्हिलेज १९९४ पासून अशा प्रौढांसोबत घरासारखं राहणं उभं करतंय. अशी घरं बोटावर मोजण्याएवढी. भोसरीपासून चाकणपर्यंत उद्योगांना जागा मिळाली, रस्ते मिळाले. मग ज्यांनी हे कारखाने चालवले त्यांच्या लेकरांसाठी प्रभागाप्रभागात एखादं लहान घर मागणं जास्त आहे का? चाकणला आज कंत्राटावर राबणारी पोरंही पंचवीस-तीस वर्षांनी याच दारात उभी राहणार आहेत.

तोपर्यंत एवढं करा. ओळखीत असं घर असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड, पीएफमधली कुटुंबाची नोंद आणि पालकत्वाचा अर्ज, हे चार कागद झालेत का, विचारा. जमलं तर स्वतः सोबत जा.

काकांसोबत मी सोमवारी जातोय. तिथं काय अनुभव येतो, ते इथंच लिहीन.