कामगाराला आधी काय शिकवावे?

मंडळी, आपल्या गावातला कोणी ना कोणी डोंबिवलीला कारखान्यात असतोच. कोणाचा मुलगा, कोणाचा भाचा. म्हणून आजचा विषय तुमच्या घरचाच समजा.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याच दशकात डोंबिवलीच्या भातखाचरांशेजारी कारखाने उभे राहू लागले. रसायनांचे, रंगांचे, कापडाचे. कामावर आली त्यांत खेड्यांतली पोरंही होती. पेरणी चुकली तर हंगाम जातो, हे त्यांना ठाऊक होते. बंद पात्रात रसायन तापले म्हणजे काय होते, हे कोण सांगणार?

नव्या माणसाला शिकवण्याची एक रीत दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या कारखान्यांत रुळली. आधी त्याची तयारी करा, मग काम दाखवा, मग त्याच्याकडून करून घ्या, पुढे अधूनमधून जाऊन पाहा. गुरुजी, तुम्ही वर्गात हे रोजच करता, नवल ते काय! पण कसे शिकवावे हे कळले, तरी काय शिकवावे हा प्रश्न उरतोच. मालक म्हणतो, माल जास्त निघेल ते. कामगार म्हणतो, बढती मिळेल ते. दोघांचेही खरे आहे. पण पिंपात काय आहे, ते कशाने भडकते, उग्र वास आला तर कोणत्या बाजूला पळायचे, हे त्याच्याही आधी.

एवढी गोष्ट कायद्यात नीट लिहिली जायला भोपाळ घडावे लागले. डिसेंबर १९८४ मध्ये तिथे विषारी वायू सुटला, हजारो माणसे गेली. मग १९८७ साली, १९४८ च्या कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याची माहिती कामगाराला देणे मालकाला भाग पडले. धोक्याच्या कारखान्यांत सुरक्षा समिती आली, तीत कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी सारख्याच संख्येने. शिवाय सुरक्षिततेचे शिक्षण कारखान्यात, नाहीतर मालकाने पाठवून मान्यताप्राप्त संस्थेत, घेण्याचा हक्क कामगाराला मिळाला. मला हे शेवटचे कलम फार मोलाचे वाटते. शिक्षण ही मेहेरबानी राहिली नाही, ते मागता येऊ लागले.

तरी २६ मे २०१६ ला डोंबिवली हादरली, आणि २३ मे २०२४ ला पुन्हा. दोन्ही वेळा रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, कामगार दगावले, दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या.

आता गणपतीला पोरगा घरी येईल. पगाराचं मागाहून विचारा. आधी एवढंच विचारा, "बाबा रे, तू ज्या पिंपाजवळ उभा असतोस, त्यात काय असतं?"