डेबूजीचे मातुलगृह : एक टिपण

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकर यास बालपणीच पितृवियोग घडला. झिंगराजींचा अंत मद्यपानाने झाला. विधवा सखूबाई मुलासह माहेरी, अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे, येऊन राहिल्या. मामाच्या घरी भाचा प्रारंभी केवळ आश्रित; गुरे राखणे हे त्याचे काम. नांगर हाती आला तसा तो घरचा कर्ता झाला. मामा चंद्रभान कर्जात बुडाले, तेव्हा शेतासाठी सावकारापुढे उभा राहिला तो हा भाचाच. पुढे मुलीच्या बारशास मद्यमांसाची रूढी मोडून त्याने गोड जेवण घातले. १९०५ मध्ये गृहत्याग केलेल्या गाडगेबाबांच्या कीर्तनांतील दारू व कर्ज यांच्या निषेधाचे मूळ या दोन घरांत शोधणे सयुक्तिक होय.