सालामिसचे अरुंद पाणी

माझे शिक्षण गिरणीची पाळी संपल्यावर दिव्याखाली झाले. त्यामुळे इतिहासात सेनापतीचे नाव आले की माझे लक्ष आधी त्याच्या पाठीमागच्या माणसांकडे जाते.

इसवी सनापूर्वी 480 साली इराणचा सम्राट झर्क्सीस ग्रीसवर चालून आला. अथेन्स जळाले. ग्रीक आरमार सालामिस बेटाजवळच्या अरुंद पाण्यात उभे होते. शत्रूची जहाजे कितीतरी अधिक. उघड्या समुद्रात आपण घेरले जाऊ, अरुंद पाण्यात मात्र शत्रूला स्वतःचीच गर्दी नडेल, हे अथेन्सच्या थेमिस्टोक्लीसने ओळखले. पण मित्रराज्ये मागे हटू पाहत होती.

तेव्हा त्याने आपल्या मुलांना सांभाळणारा दास सिकिन्नस ह्याला गुपचूप शत्रूकडे धाडले. निरोप असा, की ग्रीकांत फूट आहे, ते पळण्याच्या बेतात आहेत, वाटा अडवा. थाप पटली, कारण तीत बरेचसे खरे होते. इराणी आरमार रात्रभर वल्ही मारीत राहिले आणि सकाळी थकल्या हातांनी त्या चिंचोळ्या पाण्यात शिरले. पुढची जहाजे मागे वळू लागली, मागची त्यांवर आदळली. झर्क्सीस किनाऱ्यावरून हा नाश पाहत होता.

पण नुसत्या युक्तीने वल्हे हालत नाही. एकेका जहाजावर 170 वल्हेकरी असत. अथेन्सच्या वल्हेकऱ्यांत जमीन नसलेल्या गरीब नागरिकांचा भरणा मोठा होता. काही वर्षांपूर्वी लॉरियमच्या खाणीतली चांदी माणशी दहा द्राख्मा वाटून घेण्याचा विचार होता. एजिनाशी वैर चालू होते; थेमिस्टोक्लीसच्या सांगण्यावरून लोकांनी वाटा सोडला आणि जहाजे बांधली. पुढे ॲरिस्टॉटलने लिहिले, की सालामिसच्या विजयाने ह्या आरमारी लोकांचे, आणि म्हणून लोकशाहीचे, बळ वाढले.

एक गोष्ट मात्र मला सलते. त्या निरोपाने शत्रू जसा अडकला, तशीच आपली मित्रराज्येही, त्यांना न विचारता, अडकली. एका संपात तडजोडीची बोलणी मीही माझ्या माणसांपासून लपवली होती. संप टिकला; पण पुढच्या सभेला निम्मी माणसे आली नाहीत. थेमिस्टोक्लीसलाही पुढे अथेन्सच्याच लोकांनी हद्दपार केले.

शत्रूला फसवणे ही युद्धकला झाली. पण जहाजे उभी राहिली ती भर सभेत मागितलेल्या चांदीतून, हे विसरू नये.