तगमग हा आजार आहे, बेशिस्त नव्हे

मी डॉक्टर नाही, निवृत्त फौजी आहे. तरीही आज एका डॉक्टरची गोष्ट सांगतो, कारण तोही फौजी होता.

15 फेब्रुवारी 1942 रोजी सिंगापूर पडलं. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि आपले हिंदी असे हजारो सैनिक जपान्यांच्या कैदेत गेले. त्यांत ऑस्ट्रेलियन सैन्याचे डॉक्टर जॉन केड होते. साडेतीन वर्षं ते चांगीच्या छावणीत होते आणि तिथल्या मनोरुग्ण कैद्यांची जबाबदारी त्यांच्याकडे होती. माणसं बेभान होताना त्यांनी जवळून पाहिली. हा स्वभावदोष नाही, शरीरातच काहीतरी बिघडत असावं, असं त्यांना वाटू लागलं.

सुटका झाल्यावर मेलबर्नजवळच्या बंडूरा इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात त्यांनी कामाला सुरुवात केली. प्रयोगशाळा म्हणजे एक रिकामी पडलेली स्वयंपाकाची खोली! गिनीपिगवर प्रयोग करताना लिथियमचा क्षार दिला की प्राणी शांत पडतात, असं त्यांना दिसलं. आधी त्यांनी तो क्षार स्वतः घेऊन पाहिला. मग मार्च 1948 मध्ये पहिल्या रुग्णाला दिला. तो 51 वर्षांचा गृहस्थ पाच वर्षं सतत उन्मादात होता. वॉर्डातला सर्वांत त्रासदायक माणूस म्हणून त्याची ख्याती. काही आठवड्यांत तो निवळला आणि जुलैमध्ये घरी जाऊन जुन्या नोकरीवर रुजू झाला.

सप्टेंबर 1949 मध्ये केड यांचा लेख प्रसिद्ध झाला. उन्मादाच्या दहा रुग्णांना गुण आला होता. तोपर्यंत अशा रुग्णांसाठी काय होतं? गुंगीची औषधं, विजेचे झटके, कोंडून ठेवणं, बांधणं.

पण गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही. त्या पहिल्या रुग्णाने बरं वाटताच औषध सोडलं आणि आजार उलटला. पुढे 1950 मध्ये लिथियमच्याच विषबाधेने तो दगावला. गुणकारी मात्रा आणि घातक मात्रा यांत फार थोडं अंतर असतं. डेन्मार्कचे मोगेन्स शाऊ यांच्यासारख्या संशोधकांनी नेटाने काम केलं, रक्तातलं लिथियम मोजण्याची पद्धत रुळली, तेव्हा कुठे 1970 मध्ये अमेरिकेने उन्मादासाठी या औषधाला मान्यता दिली. म्हणून आजही लिथियम घेणाऱ्याची रक्ततपासणी ठरावीक काळाने होते. ते मनाने सुरू करायचं नाही आणि मनाने बंदही करायचं नाही.

आता आपल्या घराकडे वळू. तगमग एकदम उसळत नाही, आधी खुणा दिसतात. झोप उडते. बोलण्याचा वेग वाढतो किंवा माणूस अगदी गप्प होतो. येरझाऱ्या सुरू होतात, हात चोळणं, मुठी आवळणं, क्षुल्लक गोष्टीवर भडकणं. हे फक्त उन्मादातच होतं असं नाही, नैराश्यातही होतं, आणि तेव्हा आत्महत्येचा धोका वाढतो. तो खचलेला माणूस अचानक येरझाऱ्या घालू लागला, तर त्याला एकटं सोडू नका.

अशा वेळी एकानेच बोलावं, हळू आवाजात, छोट्या वाक्यांत. टीव्ही बंद करा, गर्दी पांगवा, दोन हात अंतर ठेवा, त्याची बाहेर जायची वाट अडवू नका. वाद घालू नका, हुकूम देऊ नका. आम्हा फौजींना हे जड जातं, पण इथे चढा आवाज म्हणजे आगीत तेल. धारदार वस्तू आणि औषधांचा साठा आधीच हलवा, आणि डॉक्टरांना लवकर गाठा. लिथियमचा परिणाम दिसायला दिवस लागतात. त्या क्षणी काय द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील.

बांधून मात्र ठेवू नका. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीला आग लागली आणि साखळदंडांत अडकलेले 28 मनोरुग्ण जळून मेले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळी घालण्यावर बंदी आणली आहे.

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला किंवा हैदराबादला, सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास असते आणि अनेक भारतीय भाषांत बोलता येतं. जिवाला धोका वाटला तर मात्र 112 लावा किंवा थेट रुग्णालय गाठा. नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवा.

जय हिंद.