डॉक्टरांची फियाट आणि पुतण्याची पालिओ



बरेच दिवस लिहिणं झालं नाही. डोळ्याचं ऑपरेशन, मग लग्नसराई, मग आळस. आज लिहायला बसलो ते धाकट्या पुतण्यामुळे. यंदा हळदीचे चार पैसे हातात आले आणि त्याच्या डोक्यात हौसेच्या गाडीनं घर केलं. घरी शेताच्या कामाला जीप आहे, म्हणजे गरज म्हणाल तर काहीच नाही. पण चाळिशीतला माणूस, आयुष्यभर हळद उकडली आणि वाळवली. एकदा हौस करावीशी वाटली तर त्यात चूक काय?

दोन गाड्या त्यानं हेरल्या होत्या. एक वसमतच्या आमच्या जुन्या डॉक्टरांची १९७५ ची पद्मिनी. आपण सगळे तिला फियाटच म्हणतो. डॉक्टर गेले, मुलगा पुण्याला. नऊ वर्षं गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. दुसरी नांदेडला विकायला असलेली २००३ ची पालिओ, सोळाशे सीसीची जीटीएक्स. ही १ लाख ६२ हजार किलोमीटर पळालेली. पुतण्या म्हणाला, "तात्या, तुम्ही इतिहासाचे मास्तर. जुन्या गोष्टीतलं तुम्हाला कळतं. सांगा, कोणती घेऊ?"

मला गाडी चालवताही येत नाही, हे तुम्हा नातेवाइकांना ठाऊकच आहे. पण विचारलं म्हटल्यावर अभ्यास करणं आलं. आणि अभ्यासाला लागलो तर पहिलाच धक्का बसला. पुतण्या ज्यांना "जुनी" आणि "नवी" म्हणत होता त्या दोन्ही एकाच घरच्या लेकी निघाल्या. मुंबईतल्या कुर्ल्याच्या.

वालचंद हिराचंद हे आपले सोलापूरचे. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभारला. आधी अमेरिकन डॉज, प्लिमथ जोडल्या, मग इटलीच्या फियाट कंपनीशी करार केला. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तिथं तयार होऊ लागली. पुढे फियाटचं नाव गेलं आणि १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली. चितोडची राणी पद्मिनी, तिचं नाव. इंजिन १०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, पुढची सीट बाकासारखी सलग. त्यामुळे पुढे तिघं आणि मागे कितीही, हा आपल्याकडचा हिशेब!

ते परवान्यांचे दिवस होते. कोणी किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवायचं. पैसे असले तरी गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. मिळालेली गाडी माणूस पोराबाळांसारखी सांभाळायचा आणि गावोगावचे मिस्त्री तिच्यावरच हात बसवायचे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि फियाटची सद्दी सरू लागली. तरी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती नव्या शतकातही पळत राहिली. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. टीव्हीवर बातमी पाहून आमच्या घरात उगाच सुतक पडल्यासारखं झालं होतं.

आता पालिओ. पद्मिनीचं उत्पादन नव्या शतकाच्या तोंडाशी थांबलं आणि सप्टेंबर २००१ मध्ये फियाटनं त्याच कुर्ल्यातून पालिओ आणली. इटलीत सिएना नावाच्या गावी घोड्यांची शर्यत होते, तिला पालिओ म्हणतात. पाच दारांची घरगुती गाडीच ती, पण सोळाशे सीसीच्या मॉडेलमध्ये शंभर अश्वशक्तीचं इंजिन बसवलेलं. त्या काळी एवढ्या आकाराच्या गाडीत हे फार होतं. सामान्य माणसाच्या आवाक्यातली स्पोर्ट्स कार म्हणून पोरं तिच्यामागे वेडी झाली. जाहिरातीला सचिन तेंडुलकर, त्याच्या नावानं एस-१० अशी मर्यादित आवृत्तीसुद्धा निघाली. ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये सचिनला भेट मिळालेली फेरारी आठवते ना? तिच्या आयात करावरून केवढा गदारोळ झाला! ती फेरारी कंपनीही तेव्हा फियाटच्याच मालकीची. म्हणजे सचिनकडे फेरारी आणि आमच्या पुतण्याच्या पिढीकडे पालिओचं पोस्टर, असा तो मामला.

असो. गाड्या बघायला आम्ही तिघं गेलो. मी, पुतण्या आणि वसमतचे एक जुने मिस्त्री. मिस्त्रींनी सत्तरी पार केली आहे, पण कान अजून शाबूत. इंजिन ऐकूनच आजार सांगतात.

निघण्याआधी मी एक गोष्ट स्वतःला बजावली. वर्गात मुलांना सांगायचो, आवडता राजा असला तरी पुरावा बघूनच लिहायचं. कारण डॉक्टरांच्या फियाटबद्दल मी निःपक्षपाती नाही. १९७९ च्या श्रावणात मी औंढ्याकडच्या एका शाळेवर होतो. हिच्या पोटात रात्री दुखायला लागलं. बैलगाडीनं डांबरी सडक, तिथून ट्रकनं वसमत. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "गुरुजी, इथं जमायचं नाही. नांदेड गाठायला हवं." ड्रायव्हर नव्हता. डॉक्टर स्वतः चालवायला बसले. पावसात वायपर मधूनच थांबायचा, तेव्हा मी खिडकीतून हात काढून काच पुसत होतो. पहाटे पोचलो. थोरली लेक त्या दिवशी झाली. डॉक्टरांनी पेट्रोलचेसुद्धा पैसे घेतले नाहीत. ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे. पण ती गाडीची परीक्षा करताना पुरावा म्हणून चालत नाही.

आधी शेडमध्ये गेलो. आरसी बुक पाहिलं, परभणीचं. बरोबरच आहे, हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. आमचं एमएच-३८ त्यानंतरचं. मीटरवर चौतीस हजार. पुतण्या हरखला, "तात्या, फक्त चौतीस हजार!" मिस्त्री हसले. म्हणाले, "बाबा, ह्या मीटरला पाचच आकडे. लाख झाले की पुन्हा शून्यापासून. ही एक चौतीस असंल नायतर दोन चौतीस." मग त्यांनी ब्रेकच्या पायट्याचं रबर दाखवलं, झिजून गुळगुळीत झालेलं. मॅट उचललं, खालचा पत्रा सडलेला, बोट आरपार गेलं. ब्रेक जाम, पेट्रोलचे पाइप वाळून तडकलेले. इंजिन मात्र हातानं फिरलं. "उभी गाडी पळत्या गाडीपेक्षा लवकर मरते," मिस्त्री म्हणाले. हे मला नवीन होतं. आपण समजतो, कमी पळाली म्हणजे चांगली राहिली.

दुसऱ्या दिवशी नांदेड. पालिओचे मालक निवृत्त बँकवाले. त्यांनी गाडीआधी फाइल काढली. वीस वर्षांतली बहुतेक बिलं तारीखवार लावलेली. ऑइल कधी बदललं, क्लच कधी, टायमिंग बेल्ट कधी. हा बेल्ट महत्त्वाचा. फियाटच्या इंजिनात साखळी असते, पालिओत रबरी पट्टा. तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकून इंजिन उघडायची वेळ येऊ शकते. इथं तो वेळच्या वेळी बदललेला होता. मी मास्तरकी करून दर बिलावरचे किलोमीटर तारखांशी ताडून पाहिले. आकडे चढत गेलेले, कुठे खोट नाही. असं साधन इतिहासात मिळालं तर संशोधक नाचेल!

परतताना पुतण्याला मी सगळं मांडून दाखवलं. कायद्याच्या लेखी दोन्ही म्हाताऱ्याच. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, वर पर्यावरण कर. वीस वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार झालं आहे, आणि दोन्ही वीस वर्षांच्या पुढच्या. फियाटला पन्नास वर्षं झाली म्हणून २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल, पण मग ती प्रदर्शनाला, रॅलीला, फार तर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची. रोज नांदेडला जायची सोय नाही. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला ते सोसत नाही, दोन्ही गाड्यांचे पाइप बदलावे लागतील. फियाट बिघडली तर मिस्त्री कार्बोरेटर खोलून, पॉइंट घासून रस्त्यातही चालू करतील. पालिओला कॉम्प्युटर लावणारा माणूस लागेल आणि तिच्या कंपनीनं २०१९ मध्ये भारतात फियाट नावाच्या गाड्या विकणं बंद केलंय. पण फियाटचा मिस्त्री आहे सत्तरीचा. त्यांच्यामागे कोण? त्यांचा मुलगा मोबाइलचं दुकान चालवतो.

मग मी निकाल दिला. गाडीचं वय आणि पळालेले किलोमीटर, हे दोन्ही आकडे आपल्याला फसवतात. बघायचं ते तिला कोणी कसं सांभाळलं आणि पुढे कोण सांभाळणार हे. डॉक्टर होते तोवर फियाट सांभाळली गेली, त्यानंतरची नऊ वर्षं कोरी आहेत. पालिओचा एक महिनाही कोरा नाही. "तुला बसून पळवायची हौस आहे. पालिओ घे," मी म्हणालो.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तात्या, तुम्ही घेणार असता तर?"

"मी फियाट घेतली असती," मी म्हणालो, "पण माझं कारण तुला लागू नाही. माझ्यावर तिचं देणं आहे."

पालिओ दाराशी आली. पुतण्यानं नारळ फोडला, मला पुढे बसवून औंढ्या नागनाथाला नेऊन आणलं. जोरात पळते हो! हिनं डोळे मिटून घेतले होते.

फियाटचं मात्र मनातून जाईना. डॉक्टरांच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "काका, शेडची जागा विकायची आहे, भंगारवाल्याशी बोलणं झालंय." मी म्हटलं, दसऱ्यापर्यंत थांबा. मिस्त्रींनी पत्रा, ब्रेक, पाइप यांचा अंदाज दिलाय. माझ्या चार महिन्यांच्या पेन्शनएवढा आहे. थोरल्या लेकीला सांगितलं तर ती आधी खूप हसली. "अण्णा, तुम्हाला चालवता तरी येते का?" मग म्हणाली, "दोन महिन्यांचे माझे धरा."

ज्या हिशेबानं पुतण्याला नको म्हणालो त्याच हिशेबानं मलाही नकोच म्हणायला हवं. मिस्त्रींनंतर तिला कोण बघणार, याचं उत्तर माझ्याकडेही नाही. मिस्त्रींच्या नातवाला सुट्टीत त्यांच्या हाताखाली बसवता येईल का, एवढं विचारून ठेवलंय. तो नववीत आहे आणि मोबाइल बाजूला ठेवायला तयार नाही.

दसऱ्याला अजून अवकाश आहे. बघू.